मागची काच शाबूत

४ मार्च

माझी बाटली फळीवरून पुन्हा हलवली. मी ती फोनशेजारी ठेवली होती, सापडली बादलीमागे, वर फडकं टाकून, मेलेला उंदीर झाकावा तशी. दुकानात माणसं तीन. मी हलवली नाही. मुलाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो बाटली काय लपवणार. उरलं कोण, हे कळायला तिसरीपर्यंतचं शिक्षण पुरतं.

आता वहीबद्दल. फिल्मच्या कंपनीचा माणूस काल येऊन ही दुकानाला फुकट देऊन गेला. प्रत्येक पानावर तारीख छापलेली. मुलगा म्हणाला, "आई, तूच घे. आमच्याशी बडबडतेस ती हिच्याशी बडबड." घेतली. वही उलट उत्तर देत नाही, सुनेपेक्षा बरी.

आमचं दुकान गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावायचं. उघडून आठ महिने झाले. मुलगा गिऱ्हाईक आणतो आणि फिल्म कापतो. लावते सून. तीन महिने कंपनीत शिकून आली, फोटोसकट तिचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत आहे. त्या कागदावर दुकान चालतं, तो नसेल तर कंपनी फिल्मही देणार नाही आणि वॉरंटीही. मी पुढच्या खुर्चीत बसते, फोन घेते, वॉरंटीचं कार्ड भरते. अक्षर माझं तिघांत चांगलं. आणि गाडी द्यायच्या आधी काचा आतून पुसते.

ते मात्र कुणी मला शिकवू नये. सात मजली कचेरीच्या काचा सव्वीस वर्षं पुसल्यात मी. उजवीकडून डावीकडे अर्धगोल हात, एकावर एक चढवत, कौलं घालावीत तसा. पाणीही माझं स्वतःचं, तिथल्या मुकादमानं शिकवलेलं. व्हिनेगर, साबणाचा थेंब आणि कॅनमधलं ते उग्र पाणी. इतरांच्या नाकाला झोंबतं म्हणे. माझं नाक कचेरीतच कामी आलं, मला आता गुलाब आणि गटार सारखंच. मागची मोठी काच तेवढी मी पुसत नाही, गुडघे मागच्या सीटवर चढू देत नाहीत. ती सून पुसते, नुसत्या ओल्या फडक्यानं. आळशी.

मागे एकदा म्हणाली, "आई, फिल्मला तुमचं पाणी नको, साधं पाणी पुरतं." मी म्हटलं, काल आलेली तू, मला पुसायला शिकवतेस? आता बाटल्या लपवते.

९ मार्च

आज तीन गाड्या दिल्या. प्रत्येकाला तेच सांगून जीभ गुळगुळीत झाली. चार दिवस काच खाली करायची नाही. पाण्याचे बारीक फुगे दिसतील, महिनाभरात आपोआप सुकतील, सुईनं टोचायचे नाहीत. आज एक जण म्हणाला, "सुई नाही, टाचणी चालेल का?" मी म्हटलं, स्वतःच्या दंडात टोचून बघा आधी, चालते का.

"वॉरंटी आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, आजी?" हा विनोद आठवड्याला एक जण करतो. माझ्या नाही, एवढं सांगते. गाडी तुमच्याकडे आहे तोवर. विकली की संपली. रंग उडाला, फिल्म सुटली, फुगली, तर कंपनी नवीन देते. नखानं ओरखडली, कुत्र्यानं चाटली, तर देत नाही. कार्ड हरवलं तर तुम्ही कोण आणि आम्ही कोण.

कार्डाच्या मागे बारीक अक्षरात अजून बरंच काही आहे. ते कुणी वाचत नाही. मीही नाही. पुढची बाजू माझी, मागची कंपनीची.

कार्डाबरोबर माझ्या पाण्याची छोटी बाटली भेट देते. पंधरा दिवसांतून एकदा बाजूच्या काचा आतून अशाच पुसा म्हणते, अर्धगोल हात दाखवून. ही कल्पना माझी. लोक खूश होतात.

१५ मार्च

उन्हं तापली आणि कटकटी सुरू झाल्या. दाताचा डॉक्टर आला. हा माणूस गाडीत बसण्याआधी बूट झटकतो. त्याच्या चारही बाजूच्या काचा वांग्यासारख्या जांभळ्या, वर धुरकट. ऑगस्टमध्ये लावलेली फिल्म.

म्हणाला, "आयुष्यभर म्हणाला होतात तुम्ही. सात महिने झाले."

मुलानं कार्ड घेतलं, कंपनीला फोटो पाठवले. डॉक्टर गेल्यावर मी सुनेला म्हटलं, बोटं नीट दाबली नाहीस, हवा राहिली. ती म्हणाली, "हवा राहिली तर फुगा येतो आई, रंग नाही बदलत." तोंड आहे तिला. मी म्हटलं, प्रमाणपत्र भिंतीवर आहे, हातात आलं पाहिजे.

हे मी जरा मोठ्यानं बोलले. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. असू देत.

१७ मार्च

आज शिंपीणबाई आली. ही ऑक्टोबरचं गिऱ्हाईक. सात वर्षांची मुलगी आहे, तिच्या कातडीला ऊन सोसत नाही, दहा मिनिटांत फोड उठतात. तिला शाळेत नेता यावं म्हणून जुनी गाडी घेतली आणि फिल्म लावून घेतली. कायद्यात बसेल तेवढीच काळी, पण ऊन गाळणारी. तेव्हा मला म्हणाली होती, "मावशी, माझ्या मुलीची ही छत्री आहे."

आज काचा बघितल्या. कडा सुटून आत वळल्यात, मधे पापुद्रे. मुलगी पूर्ण बाह्यांचा झगा, हातमोजे, टोपी घालून शेजारी उभी. मोजा आणि बाही यांच्या मधे मनगटावर फोड होता.

फिल्म कडेनं सुटते ती एकाच कारणानं, ओली असताना काच खाली केली की. मी तेच म्हटलं.

"नाही हो मावशी. मी तर बटणांवर टेप चिकटवली होती, कुणाचा हात लागू नये म्हणून. अजून आहे. चला, दाखवते."

मी म्हटलं, टेप काय, आज सकाळीही लावता येते.

मुलगीच म्हणाली, "आम्ही आजीच्या पाण्यानं पुसतो. खालची अर्धी काच माझी, वरची आईची. कॅलेंडरवर खूण करतो." शिकवून आणल्यासारखी बोलली.

मी कार्डावर लिहिलं : काच लवकर खाली केली. वॉरंटी लागू नाही. छान अक्षरात लिहिलं. सून मागून "आई, थांबा" म्हणाली. मी थांबले नाही. गिऱ्हाइकासमोर दुकानाची दोन तोंडं दिसू नयेत.

शिंपीणबाईनं कार्ड दोनदा वाचलं, घडी न घालता पर्समधे ठेवलं आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडणारा खोटा असतो बहुतेक.

२१ मार्च

परवा आणखी एक गाडी आली, एका वकिलाची. बाजूच्या काचा जांभळ्या. मुलानं फोटो पाठवले, सुनेनं शिंपीणबाईची तक्रारही कळवली, आणि आज कंपनीचं पत्र आलं. तीन तक्रारी एकाच फिटरच्या कामाच्या आहेत, २८ तारखेला तपासणी. दोष हाताचा निघाला तर प्रमाणपत्र रद्द.

मुलानं पत्र वाचून दाखवलं आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "दुसरा फिटर बघून ठेवतो मी. सांगता येत नाही."

सून म्हणाली, "बघ." आणि आत जाऊन पत्री धुवत बसली. ही पत्री म्हणजे फिल्मखालचं पाणी ओढून काढायचा तिचा रबराचा पट्टा. धुतलेलीच होती ती.

मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण हात कच्चा असेल तर कच्चा. मलाही कचेरीत पहिल्या वर्षी दोनदा काढून टाकलं होतं. तिलाही जरा जगाचं पाणी कळेल.

२४ मार्च

टॅक्सीवाला आला, नोव्हेंबरमधला. तक्रार नव्हती, चहाला थांबला. ह्याची गाडी म्हणजे उकिरड्याला चार चाकं. आत शेंगांची टरफलं, पावत्या, एक एकटी चप्पल. मी मुद्दाम उठून काचा बघितल्या. एक डाग नाही. काल लावल्यासारखी फिल्म.

मी म्हटलं, माझं पाणी वापरता ना नीट? बघा कसं चकाकतंय.

"कुठलं पाणी आजी?"

छोटी बाटली दिली होती ती.

"अच्छा ती होय. खरं सांगू? ती उघडली तर डोळ्यांतून धार लागली माझ्या. डिकीत टाकून दिली. काच पुसायला वेळ कुणाला आहे, बाहेरचं दिसतंय तोवर बास."

हसला तो. मीही हसले. मग तो गेला आणि मी खुर्चीत बसले ती बराच वेळ बसले.

डॉक्टर बूट झटकतो. शिंपीणबाई कॅलेंडरवर खूण करते. हा चप्पल गाडीत टाकतो.

जेवण गेलं नाही आज. उन्हामुळे असेल.

२८ मार्च

कंपनीचा माणूस येऊन गेला. लिहायला काही नाही.

३० मार्च

परवा खोटं लिहिलं. वही उलट बोलत नाही म्हणून तिच्याशीही खोटं बोलायचं, ही माझी पायरी. आता सगळं लिहिते.

टायवाला आला दहा वाजता. कंपनीच्या माणसाला आम्ही टायवाला म्हणतो, उन्हाळ्यातही गळ्यात टाय असतो त्याच्या. तिन्ही गाड्या बोलावल्या होत्या. डॉक्टर, वकील, आणि शिंपीणबाई. तिला सुनेनं फोन करून बोलावलं होतं, मला न विचारता.

त्यानं आधी मागच्या काचा बघितल्या. तिन्ही गाड्यांच्या. भिंग लावून बघितल्या. मग कपाळाला आठी घालून माझ्या मुलाला म्हणाला, "मला कळत नाही. मागची काच सगळ्यांत अवघड. गोलाई असते, ऊब देऊन फिल्म बसवावी लागते. हात कच्चा असेल तर पहिल्यांदा तिथे कळतो. तुमच्या बायकोच्या तिन्ही मागच्या काचा शाबूत आहेत. असं काम मला शिकवायला दाखवता येईल. मग बाजूच्या सरळ काचा, ज्या पोरंसुद्धा लावतील, त्या कशा गेल्या?"

मग त्यानं डॉक्टरच्या गाडीचं दार उघडून काच उन्हात धरली आणि म्हणाला, "आणि हे बघा. डाग पट्ट्यापट्ट्यांचे आहेत. अर्धगोल, एकावर एक."

मी खुर्चीतून बघितलं. चष्म्याशिवाय दिसलं मला. उजवीकडून डावीकडे. कौलं घालावीत तसे.

माणसाला स्वतःचं अक्षर ओळखू येतं.

गुडघे मागच्या सीटवर चढत नाहीत म्हणून मागची काच वाचली. माझ्या गुडघ्यांना माझ्यापेक्षा अक्कल.

टायवाल्यानं विचारलं, "काचा कशानं पुसता दुकानात?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी फोनशेजारच्या फळीकडे बघितलं. बाटली तिथे नव्हती. आणि सून म्हणाली, "पाण्यानं."

तो म्हणाला, "मग मला फिटिंगचाच दोष लिहावा लागेल."

"लिहा," ती म्हणाली. "हात माझेच आहेत."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जीभ होती तोंडात, गुळगुळीत झालेलीच होती. शिंपीणबाई चार हातांवर उभी होती, तिची मुलगी गाडीच्या सावलीत उकिडवी बसून मनगट फुंकत होती. मुलानं मान खाली घातली. टायवाला लिहीत होता. मी टेबलावरची कोरी कार्डं एकसारखी केली. परत एकसारखी केली.

जाताना टायवाल्यानं भिंतीवरच्या चौकटीचा फोटो काढला. म्हणाला, आठ दिवसांत कळवू.

गाड्या निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत गेले. शिंपीणबाईच्या गाडीत वाकून बघितलं. दाराच्या चारही बटणांवर टेप होती. पिवळी पडलेली, कडांना धूळ धरलेली, करकरीत वाळलेली. त्या सकाळी लावलेली नव्हती. एकीवर पेनानं लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं : हात लावू नये.

३१ मार्च

सकाळी दुकान उघडण्याआधी कार्डाची मागची बाजू वाचली. भिंग लावून, बोट ठेवून, तिसरीतल्यासारखी. अर्धा तास लागला. सहावी ओळ : अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रवाने फिल्म पुसू नये. तसे केल्यास रंग बदलतो, फिल्म सुटते, वॉरंटी रद्द होते.

मग कॅन उचलून बघितला. त्यावर काय लिहिलंय ते सव्वीस वर्षांत कधी वाचलं नव्हतं. लिहिलंय तेच. मोठ्या अक्षरात, लाल.

म्हणजे मी आठ महिने एका हातानं लोकांना वॉरंटी दिली आणि दुसऱ्या हातानं ती मोडायची बाटली दिली. भेट म्हणून. वर पंधरा दिवसांची ताकीद.

सून आली. मी कॅन टेबलावर ठेवला होता.

मी म्हटलं, तुला माहीत होतं.

"हो."

कधीपासून?

"दुसऱ्या गाडीपासून. वास आला होता."

मग बोलली का नाहीस?

"बोलले होते आई. तीनदा. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, काल आलेली तू, मला पुसायला शिकवतेस. तेव्हा मला घरात येऊन नऊ वर्षं झाली होती."

ती हेच म्हणाली, आवाज न चढवता. चढवला असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

मी म्हटलं, नवऱ्याला सांगायचं होतंस.

"सांगितलं होतं. तो म्हणाला, आईला बोलायचं धाडस तुझ्यात असेल तर बोल, माझ्यात नाही."

मग ती म्हणाली, "कॅन उघडा."

उघडला. वास तर मला येत नाही. तिनं बोट बुडवून माझ्या बोटांवर चोळलं. बुळबुळीत.

"साबणाचं पाणी आहे. जानेवारीत ओतून दिलं मी तुमचं, हे भरलं. तेव्हापासून तुम्ही साबणानंच पुसता आहात. बाटल्यांतही तेच जातं. टायवाल्याला मी खोटं नाही सांगितलं."

तीन महिने. तीन महिने मी साध्या साबणाचं पाणी हातात मिरवत होते आणि गिऱ्हाइकांना मुकादमाची गोष्ट सांगत होते. हसू यावं अशी गोष्ट आहे. दुसऱ्या कुणाची असती तर हसले असते.

मी विचारलं, मग बाटली का लपवत होतीस?

"टायवाला आला की तुम्ही त्याला ती दाखवणार. अभिमानानं. मग तो विचारणार यात काय घालता, आणि तुम्ही सांगणार. त्याच्यासमोर तुम्हाला खाली बघायला लावू का मी?"

मी म्हटलं, मग आता रोज तुझ्यासमोर खाली बघावं लागेल, ते बरं?

ती म्हणाली, "रोज कशाला. आज पुरे."

रडणाऱ्यांतली मी नाही. पण कॅनचं झाकण लावायला मला तीन वेळा फिरवावं लागलं.

एक मात्र मी तिला बोलले. जानेवारीच्या आधीच्या चौतीस गाड्यांत खरं पाणी गेलं. त्यांना तू का नाही सांगितलंस? तिनं मान खाली घातली. म्हणाली, "चुकलं. तुमची आणि दुकानाची लाज झाकत बसले." म्हणजे तिचीही चूक आहे. पण रांगेत ती माझ्या मागे उभी आहे, पुढे नाही.

१ एप्रिल

टायवाल्याला मीच फोन लावला. मुलगा म्हणाला, "आई, मी बोलतो, तू कशाला." मी म्हटलं, तुझं धाडस माहीत आहे.

सगळं सांगितलं. कॅन, बाटल्या, चौतीस गाड्या, अर्धगोल हात, गुडघे.

मग तो म्हणाला, "आजी, तुम्हाला कळतंय ना, म्हणजे कंपनीची वॉरंटी या गाड्यांना लागणार नाही. दोष फिल्मचाही नाही, फिटिंगचाही नाही."

मी म्हटलं, म्हणून तर फोन केला. फिटिंगचा नाही हे शब्द कागदावर लिहून पाठवा.

"पाठवतो. आणि गिऱ्हाइकांना काय सांगाल?"

की त्यांचा दोष नाही, आमचा आहे. काचा आम्ही आमच्याकडून नव्यानं करून देऊ. मुलाला विचारलं नव्हतं मी. फोन ठेवल्यावर विचारलं. तो बायकोकडे बघून म्हणाला, "तिला विचार. राबायचं तिला आहे."

ती म्हणाली, "जुनी फिल्म काढायला वाफ लागते आणि वेळ लागतो. आई वाफेचं यंत्र धरतील." तेवढंच.

२ एप्रिल

कार्डांच्या कार्बनच्या प्रती काढल्या आणि चौतीस फोन लावायला बसले. आधी बाटली फेकून द्या, मग बाकीचं बोलू, असं प्रत्येकाला सांगायचं. काहींना अजून काही झालेलं नाही, त्यांना वाटलं मी काहीतरी विकते आहे. वकिलानं सगळं ऐकून विचारलं, "हे तुम्ही मला लेखी द्याल का?" मी म्हटलं देईन, अक्षर चांगलं आहे माझं. डॉक्टर म्हणाला, "मी तर पंधराऐवजी आठ दिवसांनी पुसत होतो." गरीब माणूस. आज्ञा पाळणाऱ्याचाच गळा कापला मी सगळीकडे.

शिंपीणबाईला फोन नाही केला. ते फोनवर भागणारं नव्हतं.

३ एप्रिल

तिचं दुकान म्हणजे एक खोली, शिलाईचं यंत्र आणि पडदा. पडद्यामागे मुलगी अभ्यास करत होती, दुपारी, शाळेच्या वेळेला. खिडकीला कांबळं ठोकलेलं. काचा सुटल्यापासून घरीच आहे, हे मला तेव्हा कळलं. सतरा दिवस.

मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर चहा झाला असता, आणि चहा पिऊन माफी मागणं म्हणजे अर्धी वसूल करणं.

तिनं यंत्राचं चाक हातानं धरून थांबवलं. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मावशी, मी काच खाली केली नव्हती."

हो. केली नव्हतीत.

"टेप सकाळी लावलेली नव्हती."

नव्हती. मी बघितली त्या दिवशी.

तिनं पर्समधून कार्ड काढलं. अजून घडी न घातलेलं. माझ्यापुढे धरलं. मी यंत्रावरचा खडू घेणार होते, ती म्हणाली, "पेन आहे." म्हणजे पुसलं जाणार नाही असं हवं होतं तिला. बरोबर आहे.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं : काच खाली केली नव्हती. गिऱ्हाइकानं सांगितलं ते सगळं खरं होतं. फिल्म दुकानातल्या म्हातारीनं खराब केली. अक्षर वेडंवाकडं आलं. आठ महिन्यांतलं माझं सगळ्यांत वाईट अक्षर.

"सही," ती म्हणाली.

केली.

पडद्याआडून मुलीनं विचारलं, "मग मी पुसली त्यानं झालं का ते?"

मी पडदा बाजूला केला आणि तिला म्हटलं, नाही. तू पुसलंस ते बरोबर पुसलंस. पाणी माझं वाईट होतं. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, "मग आता कशानं पुसू?" मी म्हटलं, साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं. आणि मी कशानंही पुसायला सांगितलं तर आधी माझ्या सुनेला विचार.

शिंपीणबाई हसली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. "उद्या किती वाजता आणू गाडी?" एवढंच विचारलं.

४ एप्रिल

गाडी सकाळी सात वाजता घेतली, ऊन चढायच्या आत. मी वाफेचं यंत्र धरलं, सून पापुद्रा काढत गेली. गोंद काढायला दोन तास. माझ्या हाताचे जे पट्टे होते ते काचेवरूनही निघेनात, ते तिनं पात्यानं खरवडले. मी "राहू दे, मी करते" म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही यंत्र धरा." धरलं.

नवीन फिल्म बसली. फडकं तिनं माझ्या हातात दिलं, पाण्यात पिळून. माझ्याकडे बघितलं नाही. मी चारही काचा साध्या पाण्यानं पुसल्या. चकाकत नाहीत तशा. पण आरपार दिसतात.

चार दिवस मुलीला गाडीत बसवायचं नाही, सुकू द्यायचं, असं सुनेनं शिंपीणबाईला सांगितलं. मी खुर्चीत गप्प बसले होते. बटणांवरची टेप शिंपीणबाईनं जुनी काढली नाही. वरून नवीन लावली.

७ एप्रिल

टायवाल्याचा कागद आला. फिटिंगमधे दोष नाही. मागच्या काचांच्या कामाबद्दल एक ओळ जास्तीची आहे, ती सुनेनं तीनदा वाचली आणि मला दाखवली नाही. मी ती ड्रॉवरमधून काढून वाचली. चौकट भिंतीवरच राहणार.

मुलगा म्हणतो, आता कुणी विचारलं तर सांगू की एक जुना स्टॉक खराब निघाला, प्रकरण संपलं, लोकांना इतकं कोण सांगत बसतं. त्याच्या बापाची सवय. चौतिसातल्या बावीस गाड्या अजून यायच्या आहेत, प्रत्येकीबरोबर एक तोंड येणार आणि विचारणार.

म्हणून आज पुठ्ठ्यावर लिहून फोनच्या वर लावलं, वहीतही लिहून ठेवते, म्हणजे कुणी पुठ्ठा काढला तरी राहील :

जुन्या काचांची तक्रार घेऊन कुणी आलं, किंवा फोन आला, तर मुलानं मधे बोलायचं नाही. सुनेनं "हात माझे" म्हणायचं नाही, आणि माझ्या वाटणीचं तर अजिबात झाकायचं नाही. तिनं आपलं काम करायचं. गिऱ्हाइकाला सरळ पुढच्या खुर्चीकडे पाठवायचं. तिथे जी म्हातारी बसलेली असेल तिनंच उत्तर द्यायचं, उभं राहून.